‘जेटी’ म्हणजे नेमकं काय? जेटी आणि धक्का एकच का?

किनाऱ्यावरून थेट पाण्यात काढलेलं, होडी लावायचं बांधकाम म्हणजे जेटी. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पकडतो ती जेटीच. शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. तिथलं क्रियापद ‘जते’, म्हणजे फेकणं. म्हणून समुद्रात बाहेर टाकलेलं ते जेटी. जेट विमानातला ‘जेट’ही त्याच मुळाचा. आणि ‘जेटिसन’ही, म्हणजे वादळात जहाज हलकं करायला माल समुद्रात फेकणं. हे नातं मला फार आवडतं.

किनाऱ्याला समांतर बांधकामाला इंग्रजीत ‘व्हार्फ’ म्हणतात. आपल्याकडे धक्का दोन्हींना चालतो. मात्र प्रवाह अडवायला घातलेल्या दगडी बांधालाही इंग्रजीत जेटीच म्हणतात, तिथे होडी लागत नाही. त्याला धक्का म्हणू नका.