इटलीतलं प्राचीन शहर पॉम्पेई आणि शेजारचा ज्वालामुखी व्हेसुव्हियस एका दिवसात करताय?

रोमहून निघू नका, एवढं ऐकाच. जाऊन-येऊन पाचेक तास बसमध्येच जातात. आदल्या रात्री नेपल्सला मुक्काम करा आणि तिथून टूर घ्या.

बुक करताना पॉम्पेईत प्रत्यक्ष किती वेळ मिळणार ते विचारा. आमच्या टूरवाल्याने अर्धा तास शंखशिंपल्यांवरच्या कोरीव दागिन्यांच्या दुकानात घालवला आणि मग भग्नावशेषांतून धावाधाव! तीन तासांहून कमी असेल तर सोडून द्या. शहर ६६ हेक्टरवर पसरलंय, सगळं बघायच्या फंदात पडूच नका. त्यापेक्षा एखाद्या गल्लीत थांबा. दगडी फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिसतील, आणि मध्येच रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड. दोन दगडांमधली फट बरोबर चाक जाईल एवढी. खाण्याच्या दुकानांचे ओटेही बघा, त्यात मोठी मडकी पुरलेली असतात. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेलं हे गाव तिथे एकदम ओळखीचं वाटतं. सावली मात्र जवळजवळ नाहीच. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच, बाटली आतल्या नळांवर भरता येते.

व्हेसुव्हियस १२८१ मीटर, म्हणजे साधारण सिंहगडाच्या उंचीचा. घाबरू नका, गाडी हजारेक मीटरपर्यंत नेते. पुढची अर्ध्या तासाची चढण भुसभुशीत खड्यांची आहे, चपला चालणार नाहीत. वर वारा झोंबतो, जॅकेट ठेवा. लाव्हा दिसणार नाही हं, शेवटचा उद्रेक १९४४ चा! विवराचं तिकीट टूरमध्ये धरलंय का, तेवढं आधीच विचारून घ्या.