मुलीला वर्षभर परक्या घरी पाठवू का?

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमध्ये वर्षभरासाठी परदेशी जाणार आहे. आम्ही दोघंही रोटरीचे सदस्य नाही, त्यामुळे तिला दुय्यम वागणूक मिळेल का? तिथे तीन कुटुंबांत राहावं लागेल म्हणतात. एका घरात रुळली की उचलून दुसऱ्या घरात, हे कशासाठी? मुलगी अबोल आहे. रोज रात्री जेवताना व्हिडिओ कॉल करायचं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. अजून काय काळजी घेऊ? – एक आई

उत्तर : तुमच्या रोजच्या व्हिडिओ कॉलच्या वाक्याशीच मी अडले. ते कबूल करून घेतलेलं आजच सोडून द्या.

मी अकरा वर्षं आमच्या क्लबची काउन्सेलर होते. बाहेरून आलेल्या प्रत्येक मुलामागे अशी एक व्यक्ती असते, आणि ती त्या मुलाच्या यजमान घरातली नसते. घराबद्दलच तक्रार असेल तर मुलानं बोलायचं कुणाशी, म्हणून ही सोय. माझ्या दुसऱ्या वर्षी एक मुलगा आला. पहिल्या महिन्यात मी त्याच्या यजमानांकडे जेवायला गेले, तर पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा, फोनमध्ये त्याची आई. यजमानीण बाई भाजीचा वाडगा पुढे धरून उभ्या होत्या. त्याचं लक्षच नव्हतं. बाकीचे आपले गुपचूप जेवत होते, कारण मध्ये बोलायचं कसं? मी त्याच्या आईला कळवलं, आठवड्यातून एकदाच बोला. तिला ते झोंबलं, महिनाभर माझ्याशी अबोला धरला. पण तिसऱ्या महिन्यात यजमानीण बाईंचा मला फोन आला, अगदी खुशीत. भांडी कोणी पुसायची यावरून तो त्यांच्या धाकट्याशी कडाकडा भांडला होता, आणि तेही त्यांच्या भाषेत!

आता घरं. यजमान कुटुंबांना या कामाचा एक पैसाही मिळत नाही. बारा महिने एकाच घरावर भार नको, हा सरळ हिशेब. पण खरा फायदा मुलांचा. पहिल्या घरात मूल पाहुणं असतं आणि 'त्या देशात असंच असतं' असं धरून चालतं. दुसऱ्या घरात गेल्यावर कळतं, की दारं लावून बसणं ही देशाची नाही, त्या एका घराची सवय होती. आणि एखादं घर जमलंच नाही, तर मूल तिथे वर्षभर अडकून पडत नाही.

याबाबतीत माझीही एक चूक सांगते. एक मुलगी दर भेटीत म्हणायची, "सगळं छान आहे." सहा आठवडे तेच वाक्य, आणि मी खूश. एकदा अवेळी त्या रस्त्यानं जात होते, तर ही शाळेची पिशवी मांडीवर घेऊन घराच्या पायरीवर बसलेली. तिला घराची चावीच दिली नव्हती. शाळा सुटल्यावर रोज दोन-अडीच तास ती तशीच बसायची. क्लबातल्या एका ज्येष्ठानं मला "उगाच गाजावाजा नको" असा सल्ला दिला. मी तो ऐकला नाही. चार दिवसांत तिचं घर बदललं. तेव्हापासून मी "कशी आहेस?" विचारणं सोडलं. चावी आहे का, रात्री दिवा कोण बंद करतं, काल कशावरून हसलात, असं विचारते. तुम्हीही आठवड्याच्या त्या एका फोनवर असंच विचारा.

उरलेलं थोडक्यात. पालक सदस्य असण्याची अट नाही, वागणुकीतही फरक नसतो. विमानाचं तिकीट, विमा, पासपोर्ट-व्हिसा हा खर्च तुमचा. राहणं, जेवण आणि शाळा तिकडच्यांकडे, शिवाय थोडा हातखर्च. शाळेशी मात्र आत्ताच बोला. ते वर्ष धरलं जाणार की पुन्हा करावं लागणार, हे लेखी घ्या. गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही, हे चार नियम मुलीसमोर बसून वाचा. इंग्रजीत चारही शब्द 'डी'नं सुरू होतात म्हणून मुलं त्यांना 'फोर डी' म्हणतात आणि हसतात. मोडले तर मुदतीआधी घरी पाठवतात, तेव्हा कोणी हसत नाही.

अबोल आहे म्हणता, तर तिच्या कोटाच्या खिशात वीस-पंचवीस बिल्ले टाका. या मुलांचा ब्लेझर असतो, आणि देशोदेशीची मुलं भेटली की एकमेकांना बिल्ले देतात. भाषा येत नसली तरी हात पुढे करता येतो. वर्षअखेरीस तो कोट इतका जड होतो, की सामानाचं वजन वाढू नये म्हणून मुलं तो अंगावर घालूनच विमानात बसतात.

आणि हो, ती गेल्यावर तिची खोली रिकामी असेल. क्लब विचारेल, तुम्ही कुणाला ठेवून घ्याल का? 'एक्स्चेंज' म्हणजे अदलाबदल, विसरू नका.

प्रश्न : मुलाला राइलाच्या, म्हणजे रोटरीच्या तरुणांसाठीच्या नेतृत्व शिबिराला बोलावलंय. पाच दिवसांत नेतृत्व शिकवून होतं का? – एक वडील

उत्तर : नाही होत. ही शिबिरं १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला सुरू झाली, १९७१ मध्ये रोटरीनं तो आंतरराष्ट्रीय उपक्रम केला, आणि आजही ती साधारण तीन ते दहा दिवसांचीच असतात. भाषणांच्या सत्रांत मुलं पेंगतात, मीही पेंगले आहे. पण डोळे बांधून दहा जणांनी एका दोरीचा चौकोन करायचा, असा एक खेळ असतो. पहिली पाच मिनिटं सगळेच हुकूम सोडतात, दोरीचा गुंता होतो. मग कुणीतरी म्हणतं, "थांबा, आधी प्रत्येकानं आपलं नाव सांगा." मुलगा परतल्यावर प्रमाणपत्र बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा, की ते कोण म्हणालं.