त्याला काय गाता येत नाही?

मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. अकरा वर्षांचा, अचाट गळ्याचा, मेलेला मुलगा. वाड्यात जो गायला बसेल त्याचा आवाज तो काढून घेतो. आणि चिठ्ठीत विचारतेस, "सगळं आहे, तरी भीती का वाटत नाही?" तुझ्या भुताला सगळंच येतं, म्हणून. त्याला काय गाता येत नाही, ते आधी ठरव.

कुमार गंधर्वांचं बालपण आठव. जन्म १९२४चा. शाळकरी वयात मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून ते जशाच्या तशा गात, बारीकसारीक जागांसकट. लोक थक्क होत. मला तिथे तुझी कथा दिसते. एवढ्याशा गळ्यातून एकामागून एक पिकले आवाज निघताहेत आणि पोराचा स्वतःचा कुठेच नाही. कुमारजी मुंबईला देवधर मास्तरांकडे आले, शिकले, नकलेतून बाहेर पडले. तुझा मुलगा त्याआधीच गेला. त्याला सगळ्यांचं गाता येतं, स्वतःचं येत नाही! गळे चोरतो ते त्यासाठी. 'तो मुळातच सैतान होता' हे वाक्य खोड. आजच खोड.

बालगायक मास्टर मदन १९४२ साली गेला, वयाची पंधरा वर्षंही झाली नव्हती. मागे आठ गाणी उरली. रात्री ती लावली की माझ्या मनात एकच येतं, याच्या पुढचं हा कधीच गाणार नाही. हे दुःख तुझ्या खलनायकाला दे गं. दुःख दिलंस म्हणून तो कमी भयंकर होणार नाही.

आणि तो मध्यरात्री आपोआप वाजणारा तंबोरा नको. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो ना, तो केसभर सरकला तरी जवारी, तारेचा तो घुमणारा नाद, जाते. नायिकेनं रात्री तंबोरा लावून ठेवावा. सकाळी छेडावा, तर जवारी तिला कधी जमली नव्हती इतकी खुललेली. बस्स.

माझी पहिली कथा घेताना एका संपादकांनी रक्त वाढवायला सांगितलं. वाढवलं. नाव झालं, आणि पुढे बरीच वर्षं तेच लिहीत राहिलो. मग नाही म्हणायला लागलो, तर दिवाळी अंकांतून कथा परत यायला लागल्या. हेकट म्हणतात मला. म्हणू देत. हेकटपणा केला नसता तर आज तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं. त्या पहिल्या कथेतल्या गाणाऱ्या बाईला काय गाता येत नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. ती कथा मी पुन्हा उघडलेली नाही.

सगळी कथा नको, चौथं पान तेवढं नव्यानं लिही. पहिला गळा घेतल्यावर तो षड्ज लावेल आणि स्वतःच कान देऊन ऐकेल, हा तरी माझा आहे का. तिथपर्यंत लिही आणि पाठव.

तुझा,
काका