फुगणाऱ्या जेल गोळ्या: सात गटांची सात उत्तरं का आली

मॅडम, तुमचा प्रश्न असा: सातवीचे सात गट, आठवडी बाजारातून आणलेल्या, पाण्यात टाकल्या की फुगणाऱ्या जेल गोळ्या, पट्टीने मोजलेला व्यास. ‘आकारमान किती पट वाढलं?’ याची उत्तरं ८० पासून २७५ पटीपर्यंत आली. वर एका गटाच्या गोळ्यांचं वजन दुसऱ्या दिवशी घटलं. गोळ्या खराब आहेत का?

गोळ्या ठीक आहेत. घोळ कोरड्या मापात आहे. कोरडी गोळी साधारण अडीच मिमीची असते. पट्टीवर एक पोट्टा ती २ वाचतो, दुसरा ३, आणि दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. फुगलेली गोळी दोघांनीही १३ मिमी मोजली असं धरा. आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. १३ भागिले २ म्हणजे ६.५, त्याचा घन २७५. १३ भागिले ३ म्हणजे ४.३३, त्याचा घन ८१. तुमची दोन्ही टोकं इथेच सापडली. खरा व्यास २.५ धरला तर उत्तर येतं १४० पट. व्यासातली चूक घन करताना जवळपास तिप्पट होते, म्हणून ०.१ मिमी वाचणारं व्हर्निअर (वस्तू जबड्यात धरून बारीक माप घेणारी पट्टी) असलं तरी अडीच मिमीवर ४ टक्के आणि आकारमानात १२ टक्के शंका उरतेच.

उपाय फुकटचा आहे. जुन्या वहीचं पुठ्ठा-कव्हर मधोमध दुमडून नाली करा, एका टोकाला खोडरबर लावा आणि त्यात २० कोरड्या गोळ्या एकमेकींना टेकवून ओळीत बसवा. लांबी ५० मिमीच्या आसपास येईल. पट्टी वाचण्यात १ मिमी चुकलं तरी दर गोळीमागे चूक फक्त ०.०५ मिमी. गोळ्या घरंगळतात, म्हणून हे काम काठाच्या ताटलीत करायचं. फुगलेल्या १० गोळ्याही त्याच पद्धतीने मोजा, फक्त दाबू नका. ओल्या गोळ्या मऊ असतात आणि व्हर्निअरच्या जबड्यात सहज चपट्या होतात.

वजनाचंही तेच. एक कोरडी गोळी १० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे किचन काट्याच्या हिशेबी शून्य. एकाच वेळी १०० मोजून घ्या. सोनारांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा पॉकेट काटा असेल तर उत्तम, नसेल तर १ ग्रॅमच्या काट्यावर ५०० गोळ्या घ्या. एक बारीक गोष्ट: बरेच डिजिटल काटे शून्याजवळचा किरकोळ बदल स्वतःच गिळून टाकतात. म्हणून आधी वाटी ठेवा, शून्य करू नका, वाटीचं वजन लिहा आणि मग गोळ्या एकदम ओता.

पाण्यात टाकताना १०० गोळ्यांना निदान १ लिटर पाणी द्या. त्या ११५ मिलीच्या आसपास पितात. अर्धा पेला पाण्यात ठेवल्या तर पाणी संपल्यामुळे वाढ थांबते आणि मुलं लिहितात ‘कमाल वाढ झाली’. वाचन १५ मिनिटांनी, ३० मिनिटांनी, मग दर तासाला. शेवटचं शाळा सुटताना आणि पुढचं सकाळी. रात्रीच्या त्या मोकळ्या जागेत आलेखावर रेघ मारू देऊ नका, नुसते बिंदू ठेवा. नेमकं तिथे काय झालं ते कोणीच पाहिलेलं नाही.

आता घटलेलं वजन. पहिला संशय पुसण्यावर. १३ मिमीच्या गोळीवर ०.१ मिमी जाडीचा पाण्याचा थर राहिला तर तेवढ्यानेच वजन ५ टक्क्यांनी वाढतं. एका दिवशी नुसतं गाळून तोललं आणि दुसऱ्या दिवशी पुसून तोललं की ‘घट’ तयार. म्हणून सगळ्यांना एकच रीत: चहाच्या गाळणीत ओता, जुन्या सुती ओढणीवर पसरा, दहा मोजेपर्यंत हलकेच लोळवा, लगेच तोला. तुटलेली गोळी असेल तर संख्येतून वजा करा. भांडं रात्री झाकलेलं होतं का, तेही पाहा.

दुसरा संशय पाण्यावर, आणि आपल्या विदर्भात तो जास्त दाट आहे. आरओच्या कॅनचं पाणी संपलं म्हणून बोअरचं घातलं तर फुगलेल्या गोळ्या आक्रसतात. गोळी म्हणजे लांब रेणूंच्या धाग्यांची जाळी, आणि तिच्यात ऋण विद्युतभार असलेले गट असतात. पाण्यातले क्षार तो भार झाकतात आणि आत-बाहेरच्या क्षारांतला फरक कमी झाल्याने पाणी बाहेर पडतं. जड पाण्यातला कॅल्शियम तर जाळीचे धागे एकमेकांना बांधून टाकतो, म्हणून त्याचा परिणाम साध्या मिठापेक्षा जबर. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीतलं पाणीच खारट असतं) शाळा असेल तर हाच तुमचा सगळ्यात चांगला प्रयोग: एका बरणीत आरओ किंवा साठवलेलं पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं, तिसरीत आरओच्या १ लिटरमध्ये ५ ग्रॅम मीठ. प्रत्येकी ५० गोळ्या, एकच जागा, एकच वेळ. सावली आणि ऊन यांत बरण्या वाटू नका, कोमट पाण्यात फुगण्याचा वेग वाढतो.

आकारमानाच्या पडताळ्याला मोजपात्र घ्या. ५० मिली पाण्यात फुगलेल्या २० गोळ्या सोडल्या की पातळी ७३च्या जवळ जायला हवी. गोळ्या पाण्यात दिसेनाशा होतात, मुलं घाबरतात, ‘विरघळल्या सर!’ म्हणतात, प्रकाश दोन्हींत जवळपास सारखाच वळतो म्हणून कड दिसत नाही, एवढंच. बुडबुडे टिचकी मारून काढा, पातळी वक्राच्या तळाशी वाचा. कोरड्या गोळ्यांचं आकारमान मात्र पाण्यात काढायचं नाही, त्या वाचन घेईपर्यंतच फुगायला लागतात. गोडं तेल वापरा. त्या गोळ्या नंतर फुगवायला घेऊ नका.

पाण्यात फुगणारा खेळण्यातला डायनासोर घेणार असाल तर पाकिटावरचं ‘६ पट’ हे लांबीचं की वजनाचं, हे मुलांनाच शोधू द्या. वजन ६ पट असेल तर लांबी जेमतेम १.८ पट भरते. लांबी दोऱ्याने पाठीवरून मोजा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. शेपटी-पाय आधी फुगतात, धड मागे राहतं, त्यामुळे पहिल्या दिवशी ध्यान वाकडंच दिसतं. पूर्ण व्हायला २-३ दिवस लागतात.

एक गोष्ट हयगय न करता: गोळ्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. आवारात अंगणवाडी असेल तर त्या खोलीजवळसुद्धा नको. गिळलेली गोळी आतड्यात फुगून अडकू शकते आणि एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून तसं झालंच तर वाट न पाहता दवाखाना, आणि डॉक्टरांना ‘जेल गोळी’ हा शब्द सांगायचा. मोरीत ओतू नका. ताटात पसरून, कापड बांधून उन्हात वाळवा. पुन्हा बारीक होतात, बरणीत भरून कुलपात ठेवता येतात. वाळतानाही दर तासाला तोला, दुसरा आलेख तयार मिळेल.