मुलगी मिडफिल्डर आहे, कॉलेज कुठलं बघायचं?

पत्र एडिसन, न्यू जर्सीहून आलंय. लेक हायस्कूलच्या दहावीत आहे, सॉकरच्या क्लब टीममध्ये सेंट्रल मिडफिल्ड, म्हणजे मैदानाच्या मधोमध, खेळते, आणि तिला जायचंय तर फक्त नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीलाच, बाकी नावं काढली की तोंड फुगतं. वडिलांचं म्हणणं, आता पुरे झालं, कॉम्प्युटर सायन्सकडे बघ. आईचा जीव मधल्यामध्ये. त्यात कॉलेजच्या टीममध्ये जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या एका रीक्रूटिंग सर्व्हिसवाल्याने काही हजार डॉलर मागितलेत आणि 'स्कॉलरशिप नक्की' असं सांगितलंय. आईने विचारलंय, या खेळात खरंच करिअर आहे का, आणि हे पैसे भरू का?

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगून टाकते. भरू नका. कुणाच्याही हातात नसलेली गोष्ट जो 'नक्की' म्हणतो त्याला दारातूनच नमस्कार करायचा.

आता मूळ मुद्दा. तुमची लेक नॉर्थ कॅरोलायना म्हणते ते मला कळतं, महिला सॉकरमध्ये त्या कॉलेजचा दबदबाच तसा आहे, 1982 पासून एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, महिला सॉकर स्पर्धा होतेय आणि त्यातली 22 विजेतेपदं एकट्या त्यांची. पण तुम्ही राहता कुठे? एडिसनला. म्हणजे पिस्कॅटवे शेजारीच आणि तिथे रटगर्स युनिव्हर्सिटीचं सॉकरचं मैदान, युरकॅक फील्ड. त्याच रटगर्समधून एक मिडफिल्डर निघाली, कार्ली लॉईड, तिचं करिअर तुमच्या लेकीने नीट बघावं असं मला वाटतं. हायलाइट तिने पाहिलेच असतील, मी म्हणतेय ते कॉलेजची वर्षं आणि त्याच्या पुढची चार-पाच वर्षं, ज्यांचे रील कुणी बनवत नाही.

लॉईड न्यू जर्सीतल्याच डेलरनची. 2001 ते 2004 रटगर्सला खेळली. तेव्हा रटगर्स बिग ईस्ट या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात लीग खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, होतं, बिग टेन हा दुसरा गट नंतर आला. चारही वर्षं ती कॉन्फरन्सच्या पहिल्या टीममध्ये निवडली गेली, 50 गोल केले, तेही मिडफिल्डमधून, आणि कॉलेजचे गोल आणि पॉइंटचे रेकॉर्ड आपल्या नावावर करून गेली. रटगर्स काही विजेतेपदं जिंकणारं कॉलेज नव्हतं, आजही त्यांच्याकडे एनसीएएचं विजेतेपद नाही. पण लॉईडला तिथे काय मिळालं, तर पहिल्या वर्षापासून मैदान. चार वर्षं सलग मोठ्या मॅचेस, बॉल सतत तिच्या पायात, टीम अडली की सगळ्यांची नजर तिच्याकडे. मिडफिल्डर घडतो तो असाच, कारण ही जागाच निर्णय घेण्याची आहे आणि निर्णय बेंचवर बसून शिकता येत नाहीत.

आणि तरीही कॉलेजमध्ये असताना, 2003 च्या सुमारास, तिला अंडर-21 नॅशनल टीममधून काढून टाकलं. कॉलेजची स्टार आणि वर जागा नाही. सॉकर सोडायच्या विचारात होती ती. तेव्हा न्यू जर्सीतलाच एक ऑस्ट्रेलियन कोच, जेम्स गलानिस, त्याच्याकडे ती गेली आणि त्याने साधारण असं निदान केलं की पायातलं स्किल चांगलं आहे, पण फिटनेस कच्चा आणि मनाची तयारी त्याहून कच्ची. म्हणजे कॉलेजमध्ये नुसत्या टॅलेंटवर भागत होतं ते वरच्या पातळीवर भागणार नव्हतं. तिने मग मुळापासून सुरुवात केली. 2005 मध्ये नॅशनल टीममधून पहिली मॅच. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिक फायनलला ब्राझीलविरुद्ध एक्स्ट्रा टाइममधला एकमेव गोल तिचा, 2012 ला लंडनच्या फायनलमध्ये जपानविरुद्ध दोन्ही गोल तिचे. आणि 2015 चा वर्ल्ड कप फायनल, व्हँकुव्हर, पुन्हा जपान, पहिल्या 16 मिनिटांत हॅटट्रिक! तिसरा गोल तर हाफवे लाइनजवळून. तो गोल लेकीसोबत बसून परत बघा, पण किकच्या आधीचा क्षण बघा, बॉल पायात येता येता ती मान वर करते आणि गोलकीपर पुढे आलीय हे तिला दिसतं. लाथ जोरात मारणाऱ्या पुष्कळ असतात हो, ते आधी दिसणं म्हणजे मिडफिल्डर.

आता मिस्टरांच्या शंकेबद्दल, ती मला अजिबात चुकीची वाटत नाही. लॉईड कॉलेजातून बाहेर पडली तेव्हा अमेरिकेत महिलांची प्रोफेशनल लीगच नव्हती! डब्ल्यूयूएसए नावाची होती ती 2003 मध्ये बंद पडली, पुढची 2009 ला आली आणि तीही 2012 ला गुंडाळली. मग 2013 ला एनडब्ल्यूएसएल सुरू झाली तर तिथे सुरुवातीचा किमान पगार किती, तर सीझनला 6,000 डॉलर. कॉलेजात शिकणारी मुलं उन्हाळ्यात काम करून जवळपास तेवढे कमावतात. आज चित्र बदललंय, 2025 ला किमान 48,500 आणि करारानुसार 2030 पर्यंत 82,500, शिवाय 2024 पासून युएसएल सुपर लीगही आलीय. सुधारणा मोठी आहे पण न्यू जर्सीची घरभाडी तुम्हाला मी सांगायला नको, आणि ज्याला कॉम्प्युटर सायन्सच्या पगाराची सवय आहे त्याला हा आकडा सांगितला तर तो भुवया उंचावणारच. म्हणून मी डिग्री आधी धरते, आणि हे मुलींना आवडत नाही, माहितेय मला.

आणखी एक बदल लक्षात ठेवा. पूर्वी कॉलेज संपलं की ड्राफ्ट असायचा, क्लब पाळीपाळीने खेळाडू निवडून नावं पुकारायचे. 2024 च्या करारानंतर एनडब्ल्यूएसएलने ड्राफ्टच बंद केला. आता खेळाडू स्वतः क्लबशी बोलते. म्हणजे स्टार मुलींना मोकळीक मिळाली आणि मधल्या फळीतल्या मुलींना स्वतःचं दुकान स्वतः मांडावं लागतं, दाखवायला फिल्म लागते, आणि फिल्म कुणाची असते? जी खेळते तिची.

रोझ लव्हेल या मिडफिल्डरचंही तेच. सिनसिनाटीची मुलगी, विस्कॉन्सिनला गेली 2013 मध्ये. विस्कॉन्सिनने कधी एनसीएए विजेतेपद जिंकलेलं नाही. ती चार वर्षं तिथे खेळली, 2017 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर बोस्टन ब्रेकर्सने घेतलं, आणि वर्षभरात तो क्लबच बंद! पहिल्या नंबरची खेळाडू आणि पायाखालची लीग अशी डळमळीत. पुढे 2019 च्या वर्ल्ड कप फायनलला नेदरलँड्सविरुद्ध मधूनच बॉल घेऊन सुटली आणि डाव्या पायाने मारला तो गोल, स्पर्धेतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचा ब्राँझ बॉलही तिला मिळाला. मुद्दा असा की लॉईड आणि लव्हेल, दोघीही 'ड्रीम स्कूल'च्या यादीतल्या पहिल्या नावाला गेल्या नव्हत्या. नॉर्थ कॅरोलायनाला जाऊन मोठ्या झालेल्या आहेतच की, टोबिन हीथ आहे, क्रिस्टल डन आहे. पण तुमच्या लेकीला तिथला कोच बोलावतोय का, आणि बोलावलं तर मैदानात उतरवणार आहे की ट्रेनिंगमध्ये समोरची टीम म्हणून वापरणार आहे, हे विचारायला लाजू नका. तुमच्या जागी मी मोठ्या नावाच्या बेंचपेक्षा मधल्या नावाचं मैदान घेईन. दहापैकी नऊ वेळा.

स्कॉलरशिपचं बघा. आपल्या लोकांच्या डोक्यात 'सॉकर स्कॉलरशिप' म्हणजे सगळी फी माफ, आणि तसं बहुतेक वेळा नसतं. 2025 पर्यंत डिव्हिजन 1 च्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, महिला टीमला एकूण 14 स्कॉलरशिप असायच्या आणि त्या पंचवीस-तीस मुलींत वाटायच्या, कुणाला अर्धी, कुणाला नुसती पुस्तकांपुरती. आता कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दल कोर्टात झालेल्या समझोत्यानंतर, जी कॉलेजं त्यात सामील झालीत त्यांना ती मर्यादा राहिली नाही, त्याऐवजी टीमच जास्तीत जास्त 28 मुलींची. ऐकायला छान वाटतं, पण द्यायला परवानगी आहे म्हणून कॉलेज पैसे देईलच असं नाही, आणि 28 च्या पुढच्या मुलींना जागाच उरली नाही. वर ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, विशी-बाविशीच्या तयार खेळाडू येतात, सतरा वर्षांच्या मुलीची स्पर्धा त्यांच्याशी. तुमच्या घरापासून फार लांब नसलेलं प्रिन्स्टन, ते आयव्ही लीगमधलं, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच, घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. द कॉलेज ऑफ न्यू जर्सी डिव्हिजन 3, तिथेही खेळाचे पैसे नाहीत, पण अभ्यासाच्या स्कॉलरशिप आहेत आणि सॉकर चांगलं आहे. रटगर्सला तुम्ही इन-स्टेट, म्हणजे त्याच राज्यातले, तो फरक कागदावर मांडून बघा, बाहेरच्या राज्यातल्या अर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा घरची फी स्वस्त पडू शकते. हे गणित मिस्टरांना करायला द्या, त्यांचाही सहभाग होईल आणि वाद जरा कमी होतील.

अभ्यासाबद्दल एक प्रॅक्टिकल गोष्ट, जी कॉलेज टूरवर कुणी आपणहून सांगत नाही. सीझन ऑगस्टपासून, टीम पुढे गेली तर डिसेंबरपर्यंत. नियमाने सीझनमध्ये आठवड्याला 20 तास, पण त्यात प्रवास, फिजिओ हे धरत नाहीत. बिग टेनच्या मॅचेस बऱ्याचदा गुरुवारी आणि रविवारी, आणि आता लॉस एंजेलिसची दोन्ही कॉलेजं त्याच कॉन्फरन्समध्ये आल्यामुळे रटगर्सच्या मुलींना लीग मॅचसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला उडावं लागतं. गुरुवारची लॅब बुडणारच. कॉम्प्युटर सायन्स जमतं, करणाऱ्या मुली आहेत, पण कोचला थेट विचारायचं की तुमच्या आत्ताच्या टीममध्ये या मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, किती मुली आहेत, आणि उत्तर गोलगोल आलं तर समजायचं.

गुडघा. आयांना हे वाचायला नको असतं, तरी लिहिते. मुलींमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला महत्त्वाचा लिगामेंट, फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. अँडी सुलिव्हन, स्टॅनफर्डची मिडफिल्डर, नुकतीच नॅशनल टीममधून खेळायला लागली होती आणि नोव्हेंबर 2016 ला कॉलेजच्याच मॅचमध्ये एसीएल गेलं. पुढच्या सीझनला परत आली, 2017 ला स्टॅनफर्डने विजेतेपद जिंकलं आणि कॉलेज सॉकरची सगळ्यात मानाची हर्मन ट्रॉफी तिला मिळाली. सगळ्यांचं असं होत नाही. म्हणून लेकीला एकच विचारा, ऑगस्टमध्ये पहिल्याच आठवड्यात गुडघा गेला आणि वर्षभर खेळता आलं नाही, तर त्या कॉलेजात, त्या गावात, त्या क्लासमध्ये राहायला तुला आवडेल का? ज्या कॉलेजबद्दल ती 'हो' म्हणेल तीच नावं यादीत ठेवा.

पुण्याहून, कोल्हापूरहूनही अशीच पत्रं येतात म्हणून त्यांच्यासाठी एवढंच, तुमचं प्रकरण वेगळं आहे, विद्यार्थ्यांचा एफ-1 व्हिसा, बाहेरच्या विद्यार्थ्याची फी, आणि भारतात कुठल्या क्लबशी पगारी करार केला असेल तर कॉलेजसाठी खेळायच्या पात्रतेचा प्रश्न येऊ शकतो, सही करण्याआधी विचारा.

ताई, आता तुमचं काम. दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपासून डिव्हिजन 1 चे कोच मुलीशी थेट बोलू शकतात, 1 ऑगस्टपासून ऑफिशियल व्हिजिट, म्हणजे कॉलेजच्या खर्चाने तिथली भेट. त्याच्या आधी कॅम्पची जी ईमेल येतात ना, 'आम्ही तुझ्यावर लक्ष ठेवून आहोत' छापाची, ती घाऊक असतात, कॅम्प भरवायचे असतात त्यांना. मुलगी मात्र आत्ताही लिहू शकते. मेल तिने लिहायचा, तुम्ही नाही. आईचं इंग्लिश कोचला पहिल्या ओळीत ओळखू येतं आणि ते त्यांना आवडत नाही. मेल छोटा असू दे, पुढच्या मॅचेस कुठे किती वाजता, कुठला नंबर, जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी, आणि व्हिडिओ. व्हिडिओ चार मिनिटांचा, नुसते गोल नकोत, मिडफिल्डर आहे ती, बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघते ते दिसू दे, बॉल गेल्यावर धावत मागे येते ते दिसू दे, आणि सोबत एका पूर्ण मॅचची लिंक, जिंकलेलीच पाहिजे असं काही नाही. पंधरा-वीस कॉलेजांना पाठवा, नॉर्थ कॅरोलायनालाही पाठवा की, कोण अडवतंय. उत्तरं आली की यादी मला पाठवा, मिस्टरांनी केलेलं फीचं गणित सोबत जोडून.