डोक्याला कळलेला गंधार

प्रिय मुली, आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरी, लोकलमध्ये रोजचे दोन तास, रात्री आठला घर, आणि बत्तिसाव्या वर्षी गाणं शिकायला बसणं हा वेडेपणा तर नाही ना, हा प्रश्न. वेडेपणा नाही. मैफलीची गायिका व्हायचं नाही, असं तू स्वतःच लिहिलंयस, तेव्हा त्यावर मी वेगळं काय बोलू? पण तंबोऱ्याशी सूर लावून भूप रागातला छोटा ख्याल आठ-दहा मिनिटं नीट मांडता येणं, आणि मैफलीत बसल्यावर समोर काय चाललंय ते कळणं, यासाठी हे वय उशिराचं नाही.

अडचण वेळेची आहे असं तुला वाटतं. मला ती दुसरीकडे दिसते. तुझ्या पत्रात थाट, वादी-संवादी आणि श्रुतींबद्दल, म्हणजे नुसत्या शास्त्राबद्दल, सात प्रश्न आहेत. सा लावण्याबद्दल एकही नाही. मोठेपणी शिकणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. लहान मुलाला काही समजत नसतं, म्हणून ते ऐकतं आणि तसंच गातं. तुझ्यासारखीला यमन रागातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, एका संध्याकाळी समजतो, गळ्यावर चढायला मात्र महिने लागतात. मधल्या काळातलं ते अंतर सहन होत नाही, मग माणूस आणखी वाचतो, आणखी व्हिडिओ बघतो. त्यानं डोकं पुढे पळतं आणि गळा होता तिथेच राहतो. तेव्हा एक ठरव: रोज हाती येणारी वीस मिनिटं गळ्याची. वाचन, थाट, श्रुती सगळं लोकलमध्ये.

आधी पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला तुझा सा धरायचा ते. बायकांचा आवाज बहुधा पांढरी पाच ते काळी पाच यांच्यामध्ये कुठेतरी बसतो. काळी चारपासून सुरुवात कर. त्या पट्टीत मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, स्पष्ट ऐकू यायला हवा आणि तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, हनुवटी वर न उचलता लागायला हवा. मंद्र पंचमाला नुसती हवाच येत असेल तर एक पट्टी वर जा. तार गंधाराला ओरडावं लागत असेल तर खाली ये. एकदा ठरली की निदान वर्षभर बदलू नकोस. आज बरं वाटतंय म्हणून काळी पाच, उद्या घसा बसलाय म्हणून पांढरी चार, असं केलंस तर कानाला घर कधी सापडणारच नाही.

मिरजेचा तंबोरा घ्यायचा विचार आत्ता सोड. तो जुळवणं हीच एक विद्या आहे: जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असलेला, दोरा एका केसाएवढा सरकला तरी आवाज मरतो, आणि तुझ्या वीस मिनिटांतली पंधरा खुंट्या पिळण्यात जातील. मोबाइलमधला तंबोरा पुरे. पहिली तार पंचमाची ठेव. (मालकंस रागात पंचम नाही, तिथे ती मध्यमाला लावतात, तुला ते इतक्यात लागणार नाही.) चार तारांचं एक आवर्तन पाच-सहा सेकंदांत होईल इतकी संथ गती पुरते. पण फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर तंबोरा लावून रियाज करू नकोस. काळी चारचा खर्ज, म्हणजे तंबोऱ्याच्या सर्वांत खालच्या तारेचा सा, सेकंदाला सुमारे १०४ कंपनांचा, आणि एवढ्याशा स्पीकरमधून तो जवळपास बाहेरच पडत नाही. मग तुला नुसती वरची झणझण ऐकू येते, पायाचा स्वर येतच नाही, आणि सा तरंगत राहतो. साधा ब्लूटूथ स्पीकर घे. शेजाऱ्यांची अडचण असेल तर इअरफोन एकाच कानात घाल, दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा हवा. दोन्ही कान बंद करून गाणारा माणूस हमखास जोरात आणि बेसूर गातो.

तुझ्याकडे पेटी आहे हे वाचून आनंदही झाला आणि थोडी भीतीही वाटली. पेटीवर बोटं फिरवत सोबत गाण्याची सवय लागली की कान पेटीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपतो. पेटी थांबली की कळतं आपण कुठे आहोत. शिवाय पेटीचे स्वर सगळीकडे सारख्या अंतरावर बसवलेले असतात. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा निघतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे अनेक वर्षं टिकली, त्यामागे हा सुरांचा आक्षेपही होता. मी काही इतका कडवा नाही. पेटी परीक्षकासारखी वापर: अडलेला स्वर एकदा वाजव, भाता सोड, आणि मग तंबोऱ्यावर गा.

आता ती वीस मिनिटं. पहिली पाच फक्त सा, आणि त्याखालचे नी, ध, प. एका श्वासात एक स्वर, आठ-दहा सेकंद, बोलतो तेवढ्याच आवाजात. स्वर लागला की नाही हे कसं ओळखायचं? तंबोऱ्याच्या जवळ आलीस पण नेमकी पोचली नाहीस, की दोन आवाजांच्या मध्ये एक हेलकावा ऐकू येतो. जवळ जाशील तसा तो संथ होतो आणि नेमक्या जागी विरतो. तेवढं ऐकायला शीक. कुठल्याही पुस्तकातल्या श्रुतींच्या कोष्टकापेक्षा हे जास्त शिकवेल. इथे दोन चुका हमखास होतात. एक, स्वर खालून घासत वर नेणं. त्यावर उपाय म्हणजे तोंड उघडण्याआधी स्वर मनात ऐकणं. दुसरी, श्वास संपत आला तरी ओढत राहणं, की शेवटी स्वर उतरतोच. दम शिल्लक असतानाच थांब.

पुढची आठ मिनिटं भूपातले अलंकार: सारेग, रेगप, गपध, पधसां; उतरताना सांधप, धपग, पगरे, गरेसा. मात्रा मिनिटाला साठ. आधी एका स्वराला दोन मात्रा, मग एक, मग एका मात्रेत दोन स्वर. सरगम म्हणून झाली की तेच आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, म्हण, कारण रे-ग-प अशी अक्षरं घसरलेला स्वर झाकतात आणि आकार तो उघडा पाडतो. दुप्पट लयीत बहुतेकांचा धैवत, म्हणजे ध, सुटतो, कारण पंचमानंतर तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, जायची घाई असते. सुटला की लय कमी कर, तीन दिवस तिथेच राहा. उरलेल्या वेळात बंदिश तीनतालाच्या ठेक्यावर, आणि शेवटचं एक मिनिट रेकॉर्ड कर. ते त्याच रात्री ऐकू नकोस. गातानाची भावना कानात असते तोवर सगळं सुरेलच वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक.

राग एकच, चार ते सहा महिने. यमन हाच पहिला राग असं पुष्कळजण सांगतात; मी आधी भूप देतो, कारण तिथे पाचच स्वर, तेही सगळे शुद्ध, त्यामुळे कानावर ओझं कमी. आणि पाच स्वरांतही रागाचा स्वभाव कळतो. भूपाचेच पाच स्वर घेऊन देसकार हा दुसरा राग होतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, त्यात वजन गंधारावर; देसकार सकाळचा, तिथे धैवत पुढे येतो आणि चलन वरच्या अंगाला राहतं. तू धैवतावर फार रेंगाळलीस तर भूप नकळत देसकारच्या दारात जाऊन उभा राहील. वादी स्वर म्हणजे काय, हे तू विचारलं होतंस. हे असं.

लोकलमध्ये गाता येत नाही, पण ताल पक्का करायला त्यासारखी जागा नाही. हाताच्या एका बोटाची तीन पेरं आणि टोक मिळून चार मात्रा. अंगठा सोडून चार बोटं, सोळा मात्रा. म्हणजे तीनताल तुझ्या एका हातावर आहे. तर्जनीच्या मुळाशी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मधल्या बोटाच्या मुळाशी पाचवी मात्रा, अनामिकेच्या मुळाशी नववी, म्हणजे खाली (टाळी न देता सोडायची जागा), आणि करंगळीच्या मुळाशी तेरावी. अंगठा फिरवत मनात धा धिं धिं धा म्हण. मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात, म्हणजे अनामिकेपासून निघून तर्जनीवर पोचायचं. पंधरा दिवसांत सम अंगात उतरते.

ऐकण्यासाठी आधी जुन्या ७८ गतीच्या तबकड्या घे. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडायचा, म्हणून त्या गायकांनी एकही जागा वाया घालवलेली नाही. १९३७ साली गेलेले अब्दुल करीम खाँ ऐक, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर ऐक. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, तीही जवळपास साडेतीन मिनिटांची; अंतराळात जाणाऱ्यांनाही वेळ कमीच होता म्हणायचा. एक तबकडी आठवडाभर पुरव. एक दिवस नुसता सा शोध, एक दिवस ठेका आणि सम, एक दिवस मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची पहिली ओळ, कितीदा आणि कसा बदलून येतो ते. विलंबित, म्हणजे अतिसंथ लयीतला, बडा ख्याल नंतर. तिथे बारा मात्रांच्या एका आवर्तनाला पाऊण मिनिट सहज लागतं, आणि नव्या माणसाची सम हरवते की मन खिडकीबाहेर जातं. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्वला जरूर जा, १९५३ पासूनचा तो उत्सव आहे. पण तिथे एका दिवसात पाच कलाकार ऐकण्यापेक्षा दोनच नीट ऐक आणि घरी ये.

गुरू आठवड्यातून एकदा, पाऊण तास, पुरे. निवडताना एवढंच बघ: तासात जास्त वेळ ते गातात की तू? आणि सा चुकला तर थांबवतात की बंदिश पुढे नेतात? ऑनलाइन शिकणार असशील तर दोघांनी एकत्र गाणं जमत नाही, आवाज पोचायला उशीर होतो. ते गातील, थांबतील, मग तू. झूमसारख्या अ‍ॅपमध्ये मूळ आवाज चालू ठेवायची सोय असते, ती आठवणीने लाव. नाहीतर ते यंत्र तुझ्या तंबोऱ्याला पंख्याची घरघर समजून पुसून टाकतं आणि लांब धरलेला सा मध्येच तोडतं.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षांबद्दल विचारलंस. तारीख डोक्यावर असली की काही माणसं नियमित होतात, तेवढा उपयोग खरा. पण एका सत्रात बरेच राग उरकावे लागतात, आणि तुझ्या स्वभावाला उरकणं फार सोपं जाईल. पहिलं वर्ष नको.

घशाचं थोडं. दिवसभर कॉलवर बोललेल्या दिवशी तार सप्तकाला हात लावू नकोस. ओठ मिटून मंद्रात गुणगुण आणि उठ. कुजबुजत बोलल्याने घशाला विश्रांती मिळत नाही, सारखं खाकरणं तर आणखी वाईट. जेवण आणि रियाज यांत दोन तास ठेव. भरल्या पोटी श्वास उथळ होतो आणि आम्ल वर येतं. खडीसाखर, ज्येष्ठमध हवं तर चघळ, पण गिळलेलं काहीही स्वरतंतूंपर्यंत जात नाही. गेलं तर ठसका लागेल. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, तोवर रियाज बंद. आणि दहा दिवस खाडा झाला तर भरपाई म्हणून रविवारी दोन तास बसू नकोस. न सरावलेला गळा चाळीस मिनिटांनंतर जोर लावायला लागतो आणि तीच सवय घेऊन उठतो. पाच मिनिटं सा, दुसऱ्या दिवशी दहा, असं परत ये.

महिन्याभराने मला एक रेकॉर्डिंग पाठव. फोन हातभर लांब, स्पीकर त्याच्या पलीकडे, म्हणजे तंबोरा आणि तू दोघंही ऐकू याल. फक्त सा, रे, ग, प्रत्येकी तीनदा, आकारात. दहा वेळा करून त्यातलं चांगलं निवडू नकोस. मंगळवारी ऑफिसातून आल्यावर पहिल्यांदा जे होईल तेच पाठव.

तुझे
काका

ता. क. – वादी सोडून त्या सात प्रश्नांतल्या बाकीच्यांची उत्तरं मुद्दाम दिलेली नाहीत. रेकॉर्डिंग आलं की देईन.