फ्रान्सच्या ग्रामीण भागात गाड्यांपासून दूर ग्रॅव्हल सायकलिंग कुठे करता येईल?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: हातात एक आठवडा आहे, सायकली भाड्याने घेणार, रेल्वेने जाता-येता यायला हवं, आणि मागून गाडीचा आवाज आला की पत्नी बिचकते. मी नोकरीमुळे तुलूझला राहतो, त्यामुळे माझं उत्तर नैर्ऋत्य फ्रान्सकडे झुकलेलं असणार.

इंटरनेटवर 'सर्वोत्तम ग्रॅव्हल रूट', म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या वाटांचे मार्ग, म्हणून जे मिळतं, त्यात खडीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये डांबरी रस्ता असतोच, आणि त्यावर गाड्याही असतात. म्हणून मी नावं शोधत बसत नाही, रस्ता रिकामा का आहे ते बघतो. इथे त्याची कारणं साधारण तीन. रेल्वे बंद पडली, रूळ काढले आणि तिथे 'व्वा व्हेर्त' म्हणजे हरितमार्ग झाला, ज्यावर पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जाता येतं. किंवा कालव्यावरची मालवाहतूक संपली आणि घोडे ज्या काठावरून होड्या ओढायचे तो काठ तेवढा उरला. तिसरं कारण कायद्याचं. १९९१ पासून सर्वसामान्य वाहनांना खुल्या नसलेल्या रानवाटांवर हौशी जीप आणि मोटरसायकलींना मनाई आहे. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर किंवा वनखात्याची गाडी दिसली तरच.

तुम्हाला मी तुलूझ ते पूर्वेकडचं बेदारिय हे छोटं गाव असा सलग प्रवास सुचवेन, सगळा मिळून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. आठवड्यात आरामात होतो, मध्ये एखादा दिवस नुसतं लोळताही येईल.

सुरुवात कानाल द्यु मिदीच्या काठाने. पिएर-पॉल रिके यांच्या योजनेतून १६६६ ते १६८१ या काळात हा कालवा खोदला गेला, आणि १९९६ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आहेत, पण गाड्या अजिबात नाहीत. रविवारी शहराजवळ धावणारे, कुत्री आणि तीनचाकीवरची पोरं यांच्यातून वाट काढावी लागते, तेवढंच. फोटोंतली चिनारांची गर्द सावली मात्र सगळीकडे मिळेल असं धरू नका. २००६ पासून या झाडांना बुरशीचा असाध्य रोग लागला आहे आणि हजारोंनी झाडं तोडावी लागली आहेत. नवी लावताहेत, पण ती अजून लहान आहेत. टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

नोरूझला कालव्याचा माथा लागतो. इथून पाणी एका बाजूला अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राकडे उतरतं. बहुतेक लोक इथून कालव्यालाच धरून कार्कासोनकडे जातात. तुम्ही जाऊ नका. पुढचा काठ ठिकठिकाणी अरुंद आहे, मुळांनी उखडलेला आहे, आणि समोरून सायकल आली की पाण्याकडे सरकावं लागतं. बिचकणाऱ्या माणसासाठी ते गाड्यांइतकंच वाईट.

त्याऐवजी डावीकडे 'रिगोल द ला प्लेन' धरा. एवढ्या उंचीवर कालव्याला पाणी कुठून आणायचं, हा रिके यांच्यापुढचा खरा पेच होता. त्यांनी माँताञ नुआर डोंगरातले ओढे अडवले आणि एका छोट्या पाटाने ते पाणी नोरूझपर्यंत आणलं. हाच तो पाट. पाणी उताराने आणायचं असल्यामुळे तो डोंगरउताराच्या कडेकडेने वळत जातो. म्हणून त्याच्या काठची मातीची वाट लांब पडते, पण चढ जवळजवळ जाणवत नाही. गहू आणि सूर्यफुलांची शेतं, दोन्ही बाजूंना झाडी, आणि माणसं फार थोडी. संपूर्ण मार्गातला माझा सगळ्यात आवडता तुकडा हाच. पाऊस पडून गेला असेल तर चिखल होतो, तेव्हा एक दिवस थांबा.

पाटाच्या काठाने पुढे लागणारं रेवेल गाव शनिवारी गाठा. चौदाव्या शतकातल्या लाकडी छपराखाली आणि भोवतीच्या चौकात शनिवारचा बाजार भरतो, तिथे चीज, ब्रेड, फळं भरून घ्या. कारण पुढचा रेवेल ते माझामे हा चाळीसेक किलोमीटरचा भाग या प्रवासातला एकमेव गाड्यांचा भाग आहे, आणि तो रविवारी सकाळी पार करायचा. फ्रान्समध्ये शनिवारी रात्री १० पासून रविवारी रात्री १० पर्यंत साडेसात टनांवरच्या मालट्रकना बंदी असते. त्यातही डोंगराच्या पायथ्याचा मोठा रस्ता सोडून शेतांमधले छोटे रस्ते घ्या. रविवारी दुपारनंतर खेड्यात दुकान उघडं सापडणं कठीण, म्हणून शनिवारची खरेदी.

माझामेपासून बेदारियपर्यंत 'पासा पाईस', जुन्या रेल्वेमार्गावरचा सुमारे ८० किलोमीटरचा हरितमार्ग. बारीक खडी दाबून बसवलेली, ३८-४० मिलिमीटरचे टायर असले की लोण्यासारखी. रेल्वेचाच रस्ता असल्याने चढ सौम्य. कूर्नियूजवळ एक लांब बोगदा लागतो, त्यासाठी दिवा आणि एक जॅकेट हाताशी असू द्या. नोरूझला भेटलेली, दोन समुद्रांकडचं पाणी विभागणारी तीच रेषा इथे पुन्हा ओलांडली जाते, पण या वेळी फरक डोळ्यांना दिसतो. अलीकडे दमट हिरवं रान, पलीकडे हळूहळू द्राक्षमळे, चेरीच्या बागा आणि कारू डोंगराचे उघडे कडे. ओलार्गला मुक्काम कराच. गावाचा जुना कमानीचा पूल खाली उतरून बघा.

पत्नीला सवय झाली आणि तुम्हाला जरा खडबडीत हवं असेल, तर माझामेच्या वरच्या जंगलात वनखात्याचे रस्ते भरपूर आहेत. त्यासाठी आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० नकाशा घ्या. त्यात सलग बारीक काळी रेघ म्हणजे आपल्याकडच्या पाणंदीसारखा रस्ता, ट्रॅक्टर जाईल एवढा. तुटक रेघ ही पायवाट, तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. खासगी मालकीची पाटी दिसली तर मागे फिरा. २०२३ च्या कायद्यानुसार अशा रानात शिरल्यास दंड होतो.

पाणी संपलं तर गावाची स्मशानभूमी शोधा. हसू नका, इथले सगळे सायकलवाले तेच करतात. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो. 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका.

मे-जून उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार, शिवाय वणव्याच्या भीतीने दक्षिणेतली काही जंगलं बंद ठेवतात. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम, तेव्हा रानात भडक नारिंगी जॅकेट घालूनच फिरा. निघण्यापूर्वी वारा बघा. ओतां नावाचा आग्नेयेचा वारा सुटला की कित्येक दिवस थांबत नाही आणि तुलूझहून निघालेल्याच्या थेट तोंडावर येतो. तसं असेल तर रेल्वेने बेदारियला जाऊन सगळा मार्ग उलटा करा.

प्रादेशिक रेल्वेगाड्यांमध्ये, म्हणजे तेएरमध्ये, सायकलला सहसा पैसे पडत नाहीत, पण जागा मोजक्या. बेदारियहून बेझिएला येऊन तुलूझची गाडी पकडायची. त्या डोंगरी मार्गावर दिवसाला थोड्याच गाड्या असतात, तेव्हा परतीची गाडी आधी ठरवा आणि उलटं मोजत रेवेलचा शनिवार बसवा.